दोन पेरांचा कळस

नवव्या रांगेच्या डोक्यावरच्या कप्प्यात चाकांच्या तीन बॅगा होत्या, त्यांतल्या दोन आडव्या टाकलेल्या. मधोमध एक फुगलेली काळी सॅक. तिच्या शेजारी बेगम बाजारातल्या दुकानाची कापडी पिशवी, घडी घातलेलं जाकीट आणि तान्ह्या बाळाचा एक बूट. बाळ अठराव्या रांगेत होतं. अशा सात वस्तू आत, आणि आठवी हवाईसेविका त्रिवेणीच्या हातात: बिस्किटांचा पुठ्ठ्याचा मोठा खोका, चारी बाजूंनी सुतळीने बांधलेला.

"आहिस्ता, पोरी," खालून आवाज आला. "आत देऊळ हाय."

बोलणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात. हिरवं इरकली लुगडं, पायात पांढरे कापडी बूट. गंगूबाई सगळ्यांत शेवटी विमानात आल्या होत्या, कारण शिडीवर त्यांनी खोका कुणाच्याही हातात दिला नव्हता आणि स्वतः एकेक पायरी थांबत चढल्या होत्या.

"कसलं देऊळ, आजी?"

"साखरंचं. नातीच्या रुखवताचं. उद्या लग्न हाय तिचं पुण्यात. खड्यावर खडा चढवून केलंय, पाकानं चिकटवलंय. सीटखाली ठेवा म्हणाला तिकडचा पोरगा. देऊळ पायाखाली ठेवतेत का?"

"मावेल, आजी. मी लावते ना," त्रिवेणी म्हणाली.

हे म्हणताना तिने कप्प्याची खोली बघितली होती, उंची बघितली नव्हती.

तिने काळ्या सॅककडे हात नेला तोच खालचा तरुण उठून उभा राहिला. तेजस, नवव्या रांगेतला कडेच्या सीटवरचा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र.

"त्याला हात लावू नका, मॅम."

"ही तुमच्या पायाशी ठेवता येईल का, सर? मग खोका बसेल."

"नाही येणार. मी आधी आलोय, जागा बघून ठेवलीय. उशिरा येणाऱ्यांसाठी आम्ही का हलायचं?" त्याने फोन काढला आणि तिच्या चेहऱ्यासमोर धरला. "बोला आता. रेकॉर्ड होतंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे भाई, बैठ जा ना, कायकू तमाशा." आणखी पाच-सहा माना वळल्या.

त्रिवेणीची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. तिथे मेधा मॅडम बसल्या होत्या, मांडीवर पॅड घेऊन. आज एका फेरीपुरतं पुढचं दार त्रिवेणीचं होतं. पुढचं दार म्हणजे सगळ्या केबिनची जबाबदारी, आणि ते कायमचं मिळावं की नाही हे मेधा मॅडम ठरवणार होत्या. गेल्या वर्षी ती याच परीक्षेत नापास झाली होती. असाच एक बॅगवाला होता, आणि त्याला ती भर केबिनमध्ये म्हणाली होती, "विमान काय तुमच्या घरचं आहे का?" जामबागेतल्या त्यांच्या गल्लीत एवढ्या बोलण्याला कुणी भांडणसुद्धा म्हणालं नसतं. इथे त्याचं पानभर लिखाण झालं. दुसऱ्या संधीतही नापास झालं तर तिसरी मिळत नाही, हे सगळ्या मुलींना ठाऊक होतं.

तिने फोनकडे सरळ बघितलं. मग म्हणाली, "घ्या व्हिडिओ, काही हरकत नाही. फक्त एका हातात फोन धरा आणि दुसऱ्या हाताने ही बॅग धरा. मला एकटीला उचलत नाही."

तेजस गडबडला. फोन धरलेला हात थोडा खाली आला.

"सॅकमध्ये काय आहे?" तिने विचारलं.

"स्क्रीन. ऑफिसचा." तो जरा थांबला. "मागच्या खेपेला कुणीतरी ट्रॉली ढकलली आणि फुटला. मलाच भरून द्यावा लागला. म्हणून मधे ठेवलाय, कुणी वर काही टाकू नये म्हणून."

"मधेच धोका जास्त. दोन्ही बाजूंनी रेटतात. उभा ठेवू या, भिंतीला लागून. हे जाकीट कुणाचं आहे?"

"माझंच."

"मग ते त्याच्या अंगावर घाला. तुमच्या हाताने लावा, मी बाकीचं बघते."

त्रिवेणीच्या वडिलांची कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांची गाडी होती. पुस्तकं आडवी रचली की खालचं काढताना वरची कोसळतात, म्हणून तिथे सगळं उभं, कण्याला कणा लावून. तिने आडव्या दोन बॅगा कुशीवर उभ्या केल्या, चाकं आत सारली. कापडी पिशवी त्यांच्या डोक्यावर चपटी बसली. बाळाचा बूट माणसांच्या हातांतून मागे मागे जात अठराव्या रांगेत पोचला. तेजसने सॅक भिंतीला लावली, जाकीट पांघरलं, आणि मधोमध चौकोनी जागा मोकळी झाली. खोका त्या जागेत अलगद सरकला.

"वा," तेजस नकळत म्हणाला.

त्रिवेणीने झाकण ओढलं. ते खोक्याच्या डोक्यावर टेकलं आणि थांबलं.

तिने खोका थोडा मागे सरकवला, पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. गंगूबाई सीटच्या दांडीला धरून चवड्यांवर उंच झाल्या, झाकण आणि चौकट यांच्यामधल्या फटीत त्यांनी बोट घातलं आणि अंगठ्याने त्यावर खूण धरून ते बाहेर काढलं.

"एक पेर," त्या म्हणाल्या. "एका पेरानं अडलंय."

दारातून विकास आत आला, जमिनीवरच्या कामाचा माणूस, हातात वॉकीटॉकी. "टैम होरा, मॅडम. खोका नीचे डाल देते ना, कार्गो में. टॅग लगा दूं?"

नियमाने तेच बरोबर होतं. त्रिवेणीने गंगूबाईंकडे बघितलं.

"खाली गेलं तर देऊळ नाही पोचणार, बाई," गंगूबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "पोत्यातली साखर पोचंल. ती तर पुण्यात बी मिळती."

"मी मावेल म्हणाले होते," त्रिवेणी म्हणाली.

"म्हणालीस खरी."

विकासने टॅगची पट्टी फाडून हातात धरली होती. मागे मेधा मॅडमनी घड्याळ बघितलं.

"विकास, थोडा वेळ दे मला," त्रिवेणी म्हणाली. "दार मी सांगते तेव्हा."

"लेट आपके नाम पे जाता, मॅडम."

"माहीत आहे."

तिने खोका उतरवून गंगूबाईंच्या मांडीवर ठेवला. "आजी, आत बघू या का? काही तिरकं होतं का, खाली दाबतं का..."

गंगूबाईंनी सुतळीची गाठ दातांनी सैल केली. खोका उघडला. आत सभामंडप होता, खांब होते, दारात तांदळाएवढी पावलं होती. शिखर पायरीपायरीने वर जात होतं आणि टोकाला साच्यात ओतलेला एक कळस होता, पांढरा, जरासा पिवळट, पाडव्याच्या गाठीसारखा. तेजस वाकून बघत राहिला. फोन कधीच खिशात गेला होता.

"केवढं बारीक काम आहे, आजी."

"दिवाळीपासनं करायले. सून म्हणते, आजकाल कोण बघतंय रुखवत. म्हटलं, कोणी बघो न बघो, पोरीच्या मागं आजीचं देऊळ पायजे." त्यांनी कळसाशेजारी बोट उभं धरलं. तो दोन पेरं उंच होता. मग अंगठा आणि तर्जनीत त्याचा गळा पकडला.

"आजी, नको," त्रिवेणी म्हणाली.

"का नको? डोकं अडलं तर माणूस बी वाकून दारातनं जातंय."

टक असा बारीक आवाज झाला. कळस त्यांच्या हातात आला. कळसामुळे उभी राहिलेली खोक्याची वरची पानं त्यांनी आत दुमडली, सुतळी बांधली. या वेळी खोका वर चढवायला तेजस होता. झाकण लागलं. त्याच्या लागण्याचा आवाज ऐकून मागच्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि मग लाजून थांबलं.

दार बंद झालं, ते ठरल्यापेक्षा उशिरा.

विमान वर स्थिरावल्यावर त्रिवेणी चहाची गाडी घेऊन नवव्या रांगेशी आली. गंगूबाई मधल्या सीटवर ताठ बसल्या होत्या, उजवा हात हवेत, चिमटीत कळस.

"चहा, आजी?"

"कसा पिऊ? हात गुंतलाय."

त्रिवेणीने कागदी पेला पुढे केला, आत कोरडा रुमाल घालून. "यात ठेवा. मी सांभाळते."

"नक्को, बेटा. देवळाचा कळस उतरवला की परत चढंपर्यंत टेकवायचा नाही कुठं. हातातच ऱ्हायला पायजे. आमच्यात तसंच हाय."

"साखरेच्या देवळालाही?" तेजसने विचारलं.

"देऊळ म्हटलं ना एकदा? मग झालं."

तेजसने थोडा विचार केला. "एका हातातून दुसऱ्या हातात दिलेला चालतो का?"

गंगूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "चालतंय की. गवंडी काय एकटाच चढवतो का? खालनं वर हातानंच जातो."

"मग द्या इकडे. तुम्ही चहा घ्या."

"पोर गुणाचं हाय. मघाशी तसं वाटलं नव्हतं," त्या त्रिवेणीला म्हणाल्या. तेजस कानापर्यंत लाल झाला. "चिमटीत धर. मुठीत नको, मुठीत घाम येतो."

त्रिवेणी पुढे गेली. परत येताना पाहिलं तर गंगूबाई चहा संपवून, पेल्याच्या तळाची साखर बोटाने चाटून खिडकीशी बसलेल्या अनोळखी माणसाला लग्नाला यायचं आमंत्रण देत होत्या. मागे स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मेधा मॅडम पाणी घ्यायला उठल्या होत्या.

"दार उशिरा लागलं," त्या म्हणाल्या. "ते लिहावं लागेल."

"हो, मॅडम."

"का लागलं तेही लिहिते आहे. आणि खोका मावतो म्हणून आधीच सांगायचं नाही. आधी मोजायचं, मग सांगायचं."

"हो."

मेधा मॅडम पाणी प्यायल्या. पेला चुरगाळून टाकला. "आवाज एकदाही चढला नाही तुझा. मी वाट बघत होते." मग पॅडच्या खालच्या बाजूला सही करत म्हणाल्या, "एक तारखेपासून पुढचं दार तुझं."

त्रिवेणीने गाडीची कळ लावली. ती आधीच लागलेली होती. तिने पुन्हा एकदा लावली.

उतरण्याआधी पट्टे तपासत ती पुढून मागे निघाली. सगळ्यांच्या सीटा सरळ, खिडक्या उघड्या. नवव्या रांगेत तेजस झोपला होता. पट्टा लावलेला, मान गंगूबाईंच्या खांद्याकडे कललेली, तोंड किंचित उघडं. उजवा हात मांडीवर होता, आणि त्याची मूठ वळलेली होती.

त्रिवेणी वाकली. "आजी, कळस त्याच्या मुठीत आहे. उठवू का?"

गंगूबाईंनी मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं.

"विरघळेल तो."

"नियमात उठवायचं हाय का?"

"नाही. पट्टा लावलाय, सीट सरळ आहे."

"मग ऱ्हाऊ दे. रात्रपाळी करून आलाय म्हणे, दोन दिवसांचा जागा हाय. आत्ता कुठं डोळा लागलाय." त्यांनी पदराचं टोक काढून त्याच्या हातावर टाकलं, मुठीवर वारं येत होतं म्हणून. "निदान टेकला तर नाही."

चाकं पुण्याच्या जमिनीला लागली तेव्हा तेजस दचकून जागा झाला. त्याने मूठ उघडली आणि बघतच राहिला. तळवा चिकट, चकाकत होता.

"आजी, सॉरी. मी... मला झोप कधी लागली..."

"लागली ते बरं झालं. आण इकडं."

दार उघडलं, माणसं उभी राहिली, रांग पुढे सरकू लागली. तेजसने खोका उतरवला आणि शिडीच्या पायथ्यापर्यंत मीच नेतो म्हणून कडेला धरून उभा राहिला. सॅक पाठीवर, जाकीट अजून तिच्यावरच. गंगूबाई पुढच्या दाराशी आल्या. तिथे त्रिवेणी हात जोडून उभी होती.

"घरी गेल्या गेल्या पाक करते आन् बसवते," त्या म्हणाल्या. "पोरी, तुझं बोट दे बघू. माझी दोन्ही चिकट झाली."

त्रिवेणीने तर्जनी पुढे केली. गंगूबाईंनी कळस तिच्या बोटाला लावून उभा धरला, एक डोळा बारीक करून बघितलं.

दीड पेर भरला.