म्हशीजवळची गाऱ्हाणी

नाथाच्या बायकोला, साखराबाईला, माती देऊन घरचे आले, त्या संध्याकाळपासून चांदी म्हैस कुणाला कासेला हात लावू देईना. तिचं रेडकू हिवाळ्यातच मेलं होतं. तेव्हापासून ती पान्हा सोडायची ती फक्त साखराबाईच्या हाताला. सुनेनं, संगीतानं, बसून बघितलं तर अशी लाथ बसली की मनगट सुजलं. सकाळी जनावरांचा डॉक्टर नेकनूरहून फोनवर म्हणाला, "आज कास मोकळी करा. नाहीतर सड बाद होतील."

"मामा, आत्याबाईंचं लुगडं नेसून बसा," संगीता सासऱ्याला म्हणाली.

"मी? या मिशा घेऊन?" नाथा म्हणाला.

"म्हशीला मिशाचं काय? तिला वास कळतो."

दहाव्याला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं सोडून नाथानं हिरवं लुगडं काढलं, कसंबसं गुंडाळलं आणि डोक्यावर पदर घेतला. नात योगिता खुदकन हसली. आईनं डोळे वटारले तशी तोंडावर हात ठेवून हसली.

चांदीनं पदर हुंगला. लाथ मारली नाही, पण दूधही सोडलं नाही.

"आबा, आज्जी गप बसून धार काढत नव्हती. बोलायची."

"काय बोलायची?"

योगितानं आधी आईकडं बघितलं. "तुमची गाऱ्हाणी."

नाथाचा हात थांबला. साखराबाईनं त्याच्याबरोबर उसाच्या मोळ्या वाहिल्या, पालात लेकरं वाढवली, नातीला कडेवरून खाली ठेवलं नाही. उलटून शब्द म्हणून कधी बोलली नाही. हिला तक्रारच नाही, असं तो धरून चालला होता.

"कशी म्हणायची, सांग."

"'ऐकलंस का गं चांदे? आमच्या मालकाला करपलेली भाकर दिसती, भाजलेला हात दिसत न्हाई.'"

"योगे!" संगीता ओरडली.

"राहू दे," नाथा म्हणाला आणि हळू आवाजात म्हशीला तेच ऐकवलं. चांदीनं कान वळवला.

"पुढं?"

"'नारायणगडाच्या जत्रंत मला पाळण्यात बसायचं व्हतं. मालक म्हणले, या वयात काय पाळणा! तवा मी कुठं म्हातारी व्हते गं?'"

नाथानं तेही सांगितलं. पहिली धार बादलीत वाजली. योगिता सांगत गेली, तो म्हणत गेला. बादली निम्मी झाली आणि योगिता गप्प बसली.

"मला एवढीच येतात, आबा."

धार बारीक झाली. नाथानं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं.

"चांदे," तो म्हणाला, "आमच्या मालकाला रोज चतकोर जास्त लागतो. मी माझ्यातला देते. मला भूक न्हाई म्हणते, अन् त्यास्नी ते खरंच वाटतं."

हे योगितानं कधी ऐकलेलं नव्हतं.

कास मोकळी झाली. नाथानं बादली संगीताकडं दिली, लुगडं सोडून नीट घडी घातली आणि गोठ्यातल्या खुंटीवर ठेवलं.

"हे दहाव्याला द्यायचं न्हाई," तो म्हणाला. "अन् योगे, संध्याकाळपर्यंत आणखी आठवून ठेव."