सुगिनोच्या हातचं ठिगळ

गावातल्या नाटकघरातल्या चटया गुंडाळल्या गेल्या, तिथे लष्कराचं काम सुरू झालं आणि घरोघरच्या बायका खळ लावायला बसल्या. झाडाच्या सालीच्या पातळ कागदाचे थरावर थर, मध्ये कोन्न्याकूच्या कंदाची खळ. वाळला की कागद चामड्यासारखा चिवट; असे कागद जोडून घराएवढे फुगे करायचे. सुगिनो या बायकांची मुकादम. बापाकडे, मग सासरी, आणि नवरा गेल्यावर पुन्हा म्हाताऱ्या आईकडे, जन्मभर तिने कागदच केला. वाईट कागद तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि तिला त्याचा ताठाही होता.

काम कशाचं ते कोणी सांगत नव्हतं. एवढाले फुगे जत्रेसाठी नसतात, हे न कळायला बायका काही दूधखुळ्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र कुरिमोतो नावाचा तरुण अधिकारी उत्साहाच्या भरात बोलून गेला.

"बायांनो, हिवाळी वाऱ्यावर तुमचा कागद समुद्र ओलांडणार! बॉम्ब घेऊन थेट अमेरिकेत!"

बायकांनी जयघोष केला. सुगिनोनेही हात वर केले. पण तिची धाकटी बहीण इने अमेरिकेतच होती. फोटोवर लग्न जमवून बोटीत बसलेली, सफरचंदांच्या बागेत राबणारी, लेकुरवाळी. लढाई सुरू झाल्यापासून तिची खबरबात नव्हती.

दुपारी खळ लावणाऱ्यांतल्या तमाएचा कागद सुगिनोकडे तपासणीला आला. काचेच्या टेबलाखालचे दिवे लागले आणि कोपऱ्यात नखाएवढा फिकट डाग दिसला. तिथे खळ लागलीच नव्हती.

"तमाए, इथली खळ कुठे गेली गं?"

"कागदावरच आहे की!"

"आणि ओठांवर काय आहे?"

तमाएने बाहीने तोंड पुसलं. "भूक लागली हो ताई. सकाळपासून पोटात रताळ्याचे देठ आहेत नुसते. आणि खळ तरी काय चवीची आहे! मीठ घाला म्हणावं लष्कराला."

आजूबाजूच्या बाया फिसकन हसल्या.

"जा, माग मीठ. कुरिमोतोसाहेब तुलाच खारवून बरणीत भरतील. ऊठ, दुसरा कागद घे."

तमाए गेली. सुगिनो डागाकडे बघत राहिली. हा डाग नाटकघरातल्या चाचणीत कळणार नव्हता. फुगा फाटला असता तो वर, कडाक्याच्या थंडीत, आणि बॉम्बसकट समुद्रात पडला असता. तमाएवर आळ नाही, आपल्यावर नाही. काही करायचंच नव्हतं. कागद उचलून चांगल्या ढिगात ठेवायचा, संपलं. तिने ठरवलं. कागद उचललाही.

आणि मग ती मेली सवय! अंगठा आपोआप डागावर फिरला. असला कागद आपल्या हातून पुढे जायचा, या विचाराने तिला कसंसंच झालं. तिने ठिगळ घेतलं. कात्रीने नाही कापलं, हाताने फाडलं, म्हणजे कडेचे तंतू कागदात मुरतात. खळ लावली, बोटाने दाबून हवा काढली, पुन्हा काचेवर धरलं. डाग कुठे होता ते तिचं तिलाच सापडेना. किती बरं वाटलं तिला! त्या भरात तिने तपासणीचा शिक्काही मारून टाकला.

इने आठवली ती त्यानंतर. तोवर कुणीतरी ढीग उचलून नेला होता.

पुढच्या आठवड्यात त्या कागदाचा फुगा हवा भरून तपासला. कुरिमोतो सगळ्यांसमोर म्हणाला, "सुगिनोबाई, टाचणीएवढीही गळती नाही. हा नक्की पोचणार!"

सुगिनो कमरेत वाकली. वाकता वाकता तिला हसू आलं. कुणी बंदूक रोखून आणलेलं नव्हतं ते, तिचं स्वतःचंच होतं. त्याची तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

संध्याकाळी आईने जेवण वाढलं, शेजारी नेहमीसारखं इनेचंही. दूरच्या माणसाच्या वाटणीचं घरात वाढलं की ते तिथे उपाशी राहत नाही, अशी आईची श्रद्धा. नंतर ते घरच्यांनीच खायचं.

"साहेबांनी नाव घेतलं म्हणे तुझं? तमाए सांगून गेली. काय केलंस एवढं?"

"एक कागद दुरुस्त केला."

"बापाचा हात आलाय तुझ्यात. इने असती तर गावभर मिरवली असती." आईने इनेची वाटी तिच्यापुढे सरकवली. "घे. आज तिच्या वाटणीचं तू खा."

"नको गं आई."

"नको काय? खा. तिलाच पोचतं ते."

आई कौतुकाने बघत होती. सुगिनोने वाटी उचलली आणि बहिणीचा भात शितन् शीत संपवला.