गाडीची सोंड

मिस्त्रींनी ड्रिलचं टोक मडगार्डवरच्या खुणेला टेकवलं, एक डोळा बारीक केला, श्वास रोखला आणि ड्रिल पुन्हा खाली घेतलं.

“आज कुठं माशी शिंकली?” शेजारच्या शेडमधून रंगाऱ्यानं विचारलं. तो एका दरवाजाला पॉलिश पेपर घासत होता, पण कान सकाळपासून इकडेच होते.

“खूण सरकल्यासारखी वाटतेय.”

“काल सरकली होती. परवाही सरकली होती. खूण आहे की शेळी रे? दाव्याला बांध तिला.”

 मिस्त्रींनी कागदी साचा सोलून काढला आणि तोच कागद त्याच जागी पुन्हा चिकटवायला घेतला.

गाडी त्यांच्या सुनेची होती. जुनी, उंच, चारही चाकांना जोर असलेली. तिला स्नॉर्कल बसवायचा होता, म्हणजे एक जाड काळी नळी. मडगार्डातून बाहेर पडून ती काचेच्या कडेनं थेट टपापर्यंत जाते, म्हणजे बॉनेटपर्यंत पाणी आलं तरी इंजिनाला वरची कोरडी हवा मिळत राहते. रंगाऱ्यानं पहिल्याच दिवशी तिचं सोंड असं बारसं केलं होतं आणि आता सगळी गल्ली तिला सोंडच म्हणत होती. इंजिनांच्या पोटात हात घालून ज्यांचे केस पांढरे झाले, त्या मिस्त्रींना हे काम अर्ध्या दिवसाचं. सोंड मात्र आठवडाभर खोक्यातच लोळत होती.

कारणांना तोटा नव्हता. आधी साचा नीट उमटला नव्हता. मग गोल भोक पाडायचं पातं बोथट निघालं. मग फटी बुजवायचं सिलिकॉन शिळं आहे असा शोध लागला. “पत्रा आहे तो, एकदा कापला की कापला,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. हे खरंच असल्यामुळे कुणाला पुढं वाद घालता येत नसे.

पण खरी गोष्ट अशी, की मिस्त्रींना ते भोक पाडायचंच नव्हतं. सून जनावरांची डॉक्टर होती. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढल्यावर तिला स्वतःचा दवाखाना मिळाला होता, तोही नदीपलीकडं. मधल्या फरशी पुलावर वर्षातले काही महिने पाणी असायचं. पाणी संथ, वाहणारं कमी आणि साचलेलं जास्त, पण साध्या गाडीचं इंजिन गुदमरेल एवढं. सोमवारी हजर व्हायचं होतं. गाडी तयार नसली तर ती जाणार कशी, असा मिस्त्रींचा साधा हिशेब होता. आधीचा डॉक्टर तिकडं गेला तो तिकडचाच होऊन बसला, हेही त्यांनी ऐकून ठेवलं होतं.

घरात माणसं दोनच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा जहाजावर, वर्षाचे बहुतेक महिने समुद्रात. संध्याकाळी सून आली, की दारातच बूट काढता काढता सांगायला लागायची, आज कुठल्या गाईनं कुणाला लाथ मारली, कुठल्या कुत्र्याच्या मालकिणीनं कुत्र्याआधी स्वतःच भोकाड पसरलं. मिस्त्री वर्तमानपत्र पुढं धरून बसलेले असायचे, पण पान उलटत नसायचं. घराला तिच्या आवाजाची सवय झालीय, असं त्यांनी फार तर म्हटलं असतं. सवय त्यांनाच झाली होती. बदलीचा विषय निघाला की ते काहीतरी गळत असल्यासारखं करून नळ बघायला उठायचे.

मुलाला त्यांनी फोनवर सांगून पाहिलं होतं. “अरे, पाणी केवढं असतं तिथं. तू तरी समजाव तिला.”

“तिला जमेल, बाबा,” मुलगा म्हणाला होता. “आणि गाडी बघायला तुम्ही आहात. मला कसली काळजी?”

 मिस्त्रींनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पातं बोथट निघालं.

साचा पुन्हा चिकटवून होतोय तोच सून शेडमध्ये शिरली. अंगावर जुना शर्ट, केस वर बांधलेले. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि गाडीसमोर ठाण मांडलं.

“मी आज रजा टाकलीय, बाबा. सोंड बसल्याशिवाय इथून हलणार नाही.”

“अगं, खूण जरा...”

“खूण मी धरते. तुम्ही ड्रिल धरा.”

रंगारी तिकडं खोकला. ते खोकणं नव्हतं, हसणं होतं.

मग काही इलाज उरला नाही. ड्रिल घोंघावलं, पातं पत्र्यात घुसलं, जळक्या रंगाचा वास सुटला आणि पत्र्याची एक गोल चकती ठणकन खाली पडली. एकदा भोक पडल्यावर मात्र मिस्त्रींच्या हातांनी त्यांचं ऐकलं नाही. वाईट काम कसं करायचं हे त्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी कापलेली कडा कानशीनं गुळगुळीत केली, गंज चढू नये म्हणून रंगाचे दोन हात दिले, तो वाळेपर्यंत सुनेला सिलिकॉन कसं ओढायचं ते दाखवलं. तिनं ओढलेली रेघ त्यांच्या रेघेहून सरळ आली.

“टाके घालायची सवय,” ती म्हणाली.

“जनावरं बरी असतात. टाका वाकडा गेला तर बोलत नाहीत.”

“बोलत नाहीत, पण चावतात.”

मिस्त्री हसले आणि हसता हसता कानस पुसायला वळले. असली बोलणी आता संपणार.

दुपार कलेपर्यंत सोंड टपापर्यंत उभी राहिली. सून मागं जाऊन, पुढं येऊन, मान वाकडी करून तिच्याकडं बघत होती. नवं दप्तर मिळालेल्या मुलीसारखा चेहरा झाला होता तिचा. मिस्त्री मात्र बॉनेटखाली वाकून उगाचच एक घट्ट बसलेली क्लिप आणखी घट्ट करत होते. एअर फिल्टरच्या डब्याला तळाशी एक छोटं भोक असतं, आत शिरलेला ओलावा बाहेर टपकावा म्हणून. स्नॉर्कल बसवला की ते आधी बुजवायचं, नाहीतर वरून सोंड कितीही डौलात उभी असो, खालून पाणी आत शिरणार. सगळ्या मिस्त्र्यांना हे माहीत असतं. मिस्त्रींनी ते भोक तसंच ठेवलं होतं. त्यांचं ठरलेलं होतं, चाचणी घ्यायची, ती फसलेली तिला दाखवायची आणि म्हणायचं, या गाडीला नाही जमत, जाऊ दे. तिचा जीव धोक्यात घालायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. फक्त ती राहायला हवी होती.

“चल, वर चढ,” ते म्हणाले. “नळीच्या वरचं टोपण काढलंय. मी सांगितलं की नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा.”

सून स्टुलावर चढली. मिस्त्रींनी गाडी सुरू केली.

“हं, धर.”

तिनं तळहात दाबला. इंजिन क्षणभर चाचरलं आणि पुन्हा आपल्या तालात चालू लागलं. तिनं दुसरा हातही वर ठेवला. इंजिन चालूच.

“बाबा!” ती वरूनच ओरडली. “बंद पडत नाही! नळी अख्खी झाकली तरी चालतेय! वा, बाबा, काय काम केलंय तुम्ही!”

मिस्त्री चावीला हात लावून बसून राहिले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. चाचणी फसली की ती खट्टू होईल एवढंच त्यांनी धरलं होतं. पण चाचणीत काय व्हायला हवं हे तिला कुठं माहीत होतं? ती अशीच खुशीत सोमवारी गाडी पाण्यात घालेल. अर्ध्या पुलावर इंजिन पाणी ओढेल.  त्यांनी गाडी बंद केली.

“खाली ये.”

“का? काय झालं?”

“बंद पडायला हवी होती.” ते उतरून बॉनेटपाशी आले. “नळी झाकली की इंजिनाला हवा मिळता कामा नये. चालत राहिलं म्हणजे खालून कुठून तरी हवा येतेय. जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. ही गाडी अशी पाण्यात न्यायची नाही.”

ती स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली. वाद घालेल, दुसरीकडं नेऊ म्हणेल, याची सगळी उत्तरं मिस्त्रींकडं तयार होती. ती नुसती हाताला लागलेलं सिलिकॉन सोलत राहिली.

“मग मला ती खोली घ्यावी लागणार,” ती म्हणाली.

“कुठली खोली?”

“दवाखान्याच्या मागं आहे ना, डॉक्टरला राहायला. मी नको म्हणून कळवलं होतं. आता सोमवारी बॅग घेऊनच जाते.”

“जातेस कशी? गाडी तर...”

“जायला कशाला गाडी हवी, बाबा? सकाळी होडी सोडते की पलीकडं. पण ती दुपारीच परत फिरते, आणि लोक जनावरं आणतात संध्याकाळी. तिकडं जाणारे सगळे म्हणून तिथंच राहतात.” तिनं सोंडेकडं मान वर केली. “ही मी घरी यायला बसवत होते. रोज.”

मिस्त्री उभेच होते. आठवडाभर त्यांनी जे अडवून धरलं होतं, ते तिचं जाणं नव्हतंच. एकदा तरी विचारलं असतं तर. एकदा तरी त्या नळाकडं न जाता जागेवर बसून ऐकलं असतं तर. चांगलं तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना, आणि त्याच वेळी असा आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना.

ते बॉनेटखाली वाकले. रबराचा एक बुटका तुकडा घेतला, सिलिकॉनमध्ये बुडवून डब्याच्या तळाशी दाबला, वरून पट्टी आवळली. हाताखालचं ओलं सिलिकॉन धरेपर्यंत ते तसेच वाकून राहिले.

“चढ पुन्हा,” ते म्हणाले.

इंजिन सुरू झालं. तिनं तळहात दाबला. इंजिन आचकलं, एकदा जोरात थरथरलं आणि बंद पडलं. शेडमध्ये एकदम शांतता झाली.

“पडली,” ती हळूच म्हणाली.

“पडायलाच हवी.”

ती खाली उतरली, बॉनेटखाली डोकावली. तो बुटका तुकडा तिला दिसला.

“एवढंच राहिलं होतं?”

“एवढंच.”

“तुम्हाला दिसलं नव्हतं?”

वय, चष्मा, शेडमधला अंधार, कारणं हाताशी होतीच. आठवडाभर त्यांचाच धंदा केला होता.

“दिसलं होतं,” मिस्त्री म्हणाले.

पलीकडं पॉलिश पेपरचा आवाज थांबला होता. सून फडक्याला हात पुसत राहिली, एकेक बोट, सावकाश. मिस्त्रींची नजर डब्यावरून हलेना.

“मला रोज यायला उशीर होईल, बाबा,” शेवटी ती म्हणाली. “जेवायला माझ्यासाठी थांबत जाऊ नका.”

“थांबणार,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी बॉनेट खाली ओढलं.