बंबाला मधुमेह

शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या सायडर क्रीक गावच्या अग्निशमन केंद्रात दीडशे माणसं जमली होती. आग कुठेच लागली नव्हती. आग लागते तेव्हा जेमतेम नऊ जण येतात, आणि त्यातले चार नुसते बघायला.

गावचा एकुलता एक लाल बंब भिंतीला सरकवला होता आणि मोकळ्या जागेत एक घडीची खाट टाकली होती. खाटेवर डब हँकिन्स पालथा पडला होता. डबचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि त्याची कंबर बावीस वर्षं दुखते. त्या कंबरेवर चांदीच्या तारेत गुंफलेला एक स्फटिक, स्फटिकावर ओलसर फडकं, आणि फडक्यावर दर शनिवारी इथे रोग काढणाऱ्या ब्रदर ऑगस्टस क्वेल यांचा गुबगुबीत हात. ब्रदरचे डोळे मिटलेले. खिशातलं घड्याळ मात्र मधूनमधून एका डोळ्याने बघत होते.

"सोड, डब, श्वास सोड. दुखणं स्फटिकाकडे निघालंय. वास येतोय का कुणाला?"

येत होता. सडक्या अंड्यांचा.

"हाच तो! रोगाचा वास! बावीस वर्षं आत कोंडला होता!"

"अगं बाई," डबची बायको म्हणाली, "आणि मी बावीस वर्षं ह्यांच्या मोज्यांना शिव्या घालतेय."

ब्रदरनी फडकं उचललं. मघाशी लखलखणारी चांदी कोळशासारखी काळी झाली होती. दीडशे तोंडांतून एकच "ओऽऽ" निघाला. मग ब्रदरनी ते पेंडंट एका वाफाळत्या भांड्यात सोडलं, काहीतरी पुटपुटले आणि चिमट्याने बाहेर काढलं. पुन्हा लखलखीत!

"चांदी म्हणजे चंद्राचं रक्त," ब्रदर म्हणाले. "स्फटिक म्हणजे पृथ्वीची गोठलेली आठवण. आणि रोग म्हणजे काय? स्वतःला विसरलेली आठवण!"

लोकांनी माना डोलावल्या. मी ते वाक्य घरी जाऊन कागदावर उतरवून पाहिलं. कागद कोरा होता तेव्हा त्यावर जास्त अर्थ होता.

"रोग आहे तोवर चांदी काळी पडणार. ज्या दिवशी पांढरी राहील, त्या दिवशी रोग संपला. मग गोळ्या कशाला? सुया कशाला? पाऊस थांबल्यावर छत्री कोण धरतं?" ब्रदर पहिल्या रांगेकडे वळले. "वर्डी, पुढच्या शनिवारी तुझी चांदी पांढरी राहणार. मला आत्ताच दिसतंय."

वर्डी पिकरिंग रडायलाच लागली. तिला एकोणीस वर्षांपासून मधुमेह आहे. रोज दोनदा स्वतःला इन्सुलिनची सुई टोचून घेते.

भिंतीशी बंबाला टेकून तिची भाची लॉटी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आणि गावकऱ्यांच्या गळ्यातली ती सगळी पेंडंटं तिनेच केलेली होती.

लॉटी तेवीस वर्षांची. आई गेल्यावर वर्डीनेच तिला वाढवलं, एकाच घरात दोघी राहतात, आणि त्या घराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॉटीचा कारखाना चालतो. एका बाजूला मक्याची भाकरी आणि दुसऱ्या बाजूला तारेची रिळं. आमच्या डोंगरातली लाल माती खणली की स्फटिक निघतात. लॉटी ते धुते, घासते आणि भोक न पाडता नुसत्या तारेने बांधते. आधी जाड तारेचा पिंजरा, मग त्यावर केसासारख्या बारीक तारेचे वेढे. शेवटी तारेची टोकं ती पाठीमागे नेऊन अशी दडपते की गळ्याला टोचणार नाहीत. "समोरून सगळेच छान करतात, हॉलिस काका," ती मला नेहमी म्हणायची. "कारागीर बघायचा असेल तर माल उलटून बघा."

मी शेजारी राहतो. छत्तीस वर्षं गावच्या साप्ताहिकात गावकऱ्यांची टिंगल करून पोट भरलं, आता निवृत्त झाल्यामुळे तेच फुकट करतो.

जुन्या बाजारात लॉटीचा एक छोटा गाळा होता. वसंतात तिथे ब्रदर आले, मालाचं तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाले, जेवढं करशील तेवढं मी घेतो. अट एकच. चांदी काळी पडू नये म्हणून लॉटी वरून जो पारदर्शक लेप द्यायची तो द्यायचा नाही. "धातूला श्वास घेऊ दे," ब्रदर म्हणाले. लॉटीला नवल वाटलं, पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचा सगळा माल उचलत होतं. मी विचारलं, तेव्हा खांदे उडवून म्हणाली, "मी दागिने विकते, काका. त्यावर ते काय प्रवचन देतात ते त्यांचं त्यांना."

त्या शनिवारी दुपारी मी कॉफी प्यायला त्यांच्याकडे गेलो, तर वर्डी पाण्याचा तिसरा जग संपवत होती. डोळे खोल गेलेले. बसल्या जागी पेंगत होती.

"मावशी, सकाळची सुई घेतलीस?" लॉटीने विचारलं.

"निम्मी घेतली. तीन आठवडे निम्मीच घेतेय."

लॉटीच्या हातातली पक्कड खाली पडली. "निम्मी? आणि मला सांगितलं नाहीस?"

"पुढच्या शनिवारी तीही बंद. सुयांचा डबा दाराशी काढून ठेवलाय, कचऱ्यात टाकायला."

"दवाखान्यातून नर्सचा दोनदा फोन आला होता."

"येऊ दे. तिचा धंदाच आहे तो."

"आणि ब्रदरचा काय आहे, छंद?"

वर्डीने गळ्यातलं पेंडंट ओढून काढलं आणि टेबलावर आपटलं. त्या दिवशी रांग मोठी होती म्हणून भांड्यात घालायचं राहून गेलं होतं, काळंकुट्ट होतं. "हे बघ! हे काय खोटं आहे? तुझ्याच हातचं आहे ना? स्वतःच्या कामावर विश्वास नाही तुझा?"

"मी तार वळते, मावशी. शुगर उतरवत नाही."

असं म्हणत लॉटीने पेंडंट उचललं आणि सवयीने उलटं केलं. आणि तशीच थांबली. पाठ स्वच्छ होती. दडपलेल्या तारेची टोकं ताज्या चांदीसारखी चमकत होती.

"काका, अंगाला कुठली बाजू लागते?"

"पाठ."

"आणि फडक्याला?"

"समोरची."

"म्हणजे रोग मावशीच्या कातडीतून निघाला, पाठीला हात न लावता स्फटिकाला वळसा घालून गेला, आणि वरच्या बाजूने आत शिरला?"

"रोग शिष्टाचार पाळत असेल," मी म्हटलं. "पुढच्या दारानेच येत असेल."

लॉटी हसली नाही. तिने एक अंडं उकडलं, गरमागरम कुस्करलं आणि पिशवीत घातलं. सोबत एक नवं पेंडंट टाकलं आणि तोंड घट्ट बंद केलं. कुणाला जुनाट दिसणारा दागिना हवा असला की ती हेच करते, तिच्या धंद्यातली ही रोजची युक्ती. अंड्यात गंधक असतो, आणि गंधकाशी चांदीचं जन्माचं वाकडं. तासाभरात चांदी काळवंडली. पिशवी उघडताच तोच वास आला, अग्निशमन केंद्रातला.

"मावशी, ह्या अंड्याला कसला रोग होता?"

वर्डीने पिशवीकडे पाहिलं, मग लॉटीकडे. "अंड्याचं आणि माणसाचं एकच असतं होय?" आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आठवडाभर दोघी बोलल्या नाहीत. लॉटीने सुयांचा डबा मात्र दाराशी राहू दिला नाही.

पुढच्या शनिवारी लॉटी बर्फ भरलेला जेवणाचा डबा घेऊन केंद्रात आली आणि माझ्या कानात म्हणाली, "काका, तुम्ही दर शनिवारी येता. ब्रदर फडकी कुठून काढतात?"

"दोन टोपल्या आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. मला वाटायचं, एकीत इस्त्रीची असतात."

वर्डी खाटेवर उताणी झोपली. नवा झगा घातला होता, बरं होण्यासाठी. ब्रदरनी तिच्या छातीवर पेंडंट ठेवलं, डोळे मिटले आणि हात डाव्या टोपलीकडे नेला.

"थांबा, ब्रदर," लॉटी पुढे झाली. "मावशीच्या आधी बंबाचा नंबर."

काय चाललंय ते कुणाला कळायच्या आत तिने उजव्या टोपलीतलं फडकं उचललं, खिशातलं नवं पेंडंट बंबाच्या पुढच्या पट्टीवर ठेवलं आणि वरून फडकं दाबलं. सगळे बघत राहिले. वास सुटला. दोन मिनिटांनी तिने फडकं काढलं. पेंडंट काळं!

"बंबालाही मधुमेह आहे वाटतं," लॉटी म्हणाली.

मला वाटलं, संपलं. मी गावाला ओळखत नव्हतो.

"खोटं नाही हं," डब गंभीरपणे म्हणाला. तो बंबावरचा स्वयंसेवकही आहे. "मार्चपासून पंप पाणी ओढत नाही त्याचा. आजारीच आहे तो."

"बघा!" ब्रदरनी दोन्ही हात वर केले. "यंत्रालाही वेदना असते! किती आगींचं दुःख प्यायलाय तो!"

टाळ्या पडल्या. एका बाईने बंबाच्या दिव्यावर मायेने हात फिरवला. छत्तीस वर्षं मी मूर्खपणावर लिहिलं, पण इतका मेहनती मूर्खपणा मला आजवर भेटला नव्हता.

लॉटीचा चेहरा पडला. क्षणभरच. मग ती शांतपणे डाव्या टोपलीकडे गेली.

"ए लॉटी, ती फडकी पवित्र आहेत!" ब्रदर ओरडले.

"मग बंबाचं भलंच होईल." तिने दुसरं पेंडंट पट्टीवर ठेवलं, डावीकडचं फडकं दाबलं आणि मोठ्याने साठपर्यंत आकडे मोजले. पुन्हा साठ. फडकं काढलं. चांदी लखलखीत होती.

"पांढरी राहिली! बंब बरा झाला!" लॉटी म्हणाली. "डब, चढ वर. पंप चालू कर."

डब घुटमळला. "आत्ता?"

"बरा झालाय ना तो? का ब्रदरवर विश्वास नाही तुझा?"

दीडशे जण बघत होते. डबला चढावंच लागलं. त्याने बंबाचा पाइप टाकीत सोडला आणि पंप सुरू केला. बंब खोकला, थरथरला, पोटातून एक लांब आवाज काढला. पाणी आलं नाही. डबने पुन्हा खटका दाबला. पुन्हा तोच आवाज. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग आवरेना.

ब्रदर काहीतरी बोलत होते, पण लॉटी खाटेकडे वळली होती.

"मावशी, उजवं फडकं ठेवलं की तू आजारी. डावं ठेवलं की तू बरी. मग तूच सांग, तुझी शुगर कुठे आहे? डाव्या टोपलीत की उजव्या?"

वर्डी उठून बसली. कुणाकडेच न बघता तिने छातीवरचं पेंडंट उलटं केलं, बघितलं, सरळ केलं, बघितलं. मग ब्रदरना बाजूला सारून उजव्या टोपलीतलं फडकं नाकाशी नेलं.

"अंडं," ती म्हणाली.

ते ऐकल्यावर हॉलमध्ये खुळखुळाट झाला. ज्याच्या त्याच्या हातात पेंडंट होतं आणि जो तो ते उलटं करून बघत होता. समोर वेढ्यांत उरलेली काळी छटा, मागे पांढरंशुभ्र. डबच्या बायकोने नवऱ्याचं पेंडंट बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मोजेच होते तर."

ब्रदर भांडं घेऊन मागच्या दाराने गेले. टोपल्या राहिल्या.

"तुझ्या त्या डब्यात काय आहे?" वर्डीने भाचीला विचारलं.

"तुला माहितीये काय आहे."

"मग दे की इकडे. बघत काय बसलीस?" आणि तिथेच, खाटेवर, नव्या झग्यात, दीडशे माणसांसमोर वर्डीने सुई टोचून घेतली. पूर्ण. मान वर केली तर सगळे टक लावून बघत होते. "काय बघताय? औषध घेताना माणूस बघितला नाही कधी?" मग लॉटीला म्हणाली, "चल, आता दवाखान्यात ने मला. गाडीत एक शब्द बोललीस तर उतरून जाईन."

लॉटी एक शब्दही बोलली नाही. वर्डी चार दिवस दवाखान्यात होती. आणखी एक आठवडा गेला असता तर काय झालं असतं ते नर्सने मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. आमच्याकडे लोक हे जेवताना वाचतात.

यात चमत्कार एवढाच. उजव्या टोपलीतली फडकी गंधकाच्या पाण्यात भिजवलेली होती आणि डावीकडची साध्या. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा कागद असणार, वर गरम पाणी, मीठ आणि खायचा सोडा. काळी चांदी त्यात सोडली की उजळते, ही युक्ती आमच्या गावातल्या निम्म्या आज्यांना ठाऊक आहे. त्या आज्या त्या दिवशी पहिल्या रांगेतच होत्या. घरी चमचे तसल्याच पाण्यात उजळून त्या केंद्रात आल्या होत्या आणि तेच पाणी बघून "ओऽऽ" म्हणाल्या होत्या.

बंबाला पुढच्या महिन्यात नवी झडप बसली. ती स्फटिकाने नाही, पान्याने बसवली. डबची कंबर अजून दुखते. गावातले काही लोक अजून म्हणतात की ब्रदर माणसांच्या बाबतीत चुकले असतील, पण बंबाचं निदान अचूक होतं.

लॉटी पुन्हा जुन्या बाजारात गाळा लावते. पूर्वीइतकाच थोडा माल खपतो. प्रत्येक पेंडंटसोबत ती हाताने लिहिलेली चिठ्ठी देते: "हा स्फटिक आहे आणि ही चांदी. छान दिसतं. बाकी काही करत नाही." वर्डी अजून ते गळ्यात घालते, पाठ बाहेर करून. कुणी विचारलं तर म्हणते, "माझ्या भाचीचं काम या बाजूने बघायचं असतं."

माझं तेवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्या हातात काही चमकदार ठेवलं आणि म्हणालं की आता औषध सोडा, तर हात जोडायच्या आधी ते उलटं करून बघा. फडकं कुठल्या टोपलीतलं आहे ते विचारा. विचारू दिलं नाही, तर उत्तर मिळालं असं समजा. आणि तोवर सुई घेत राहा.