मापाचा कागद

आईची सव्वीस वर्षं ट्रायलरूमच्या दारात गेली. तयार कपड्यांचं तीन मजली दुकान, दुसऱ्या मजल्यावर बायकांचा विभाग, त्याच्या टोकाला पडदे लावलेल्या सहा खोल्या आणि त्यांच्या तोंडाशी उंच स्टुलावर आई. आत जाणारीला कपड्यांच्या आकड्याचा प्लास्टिकचा बिल्ला द्यायचा आणि बाहेर आली की कपडे मोजून घ्यायचे, एवढंच तिचं काम. पण पडदा सारून बाई आरशासमोर उभी राहिली की आईच्यानं गप्प राहवत नसे. "खरं सांगू का?" असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता सांगून मोकळी व्हायची. मॅनेजर पहिली दोन वर्षं तिच्यावर डाफरला. मग त्याच्या ध्यानात आलं की बायका तिला विचारल्याशिवाय बिलाच्या रांगेत जात नाहीत. तेव्हापासून तो तिला फक्त आवाज खाली ठेवायला सांगू लागला.

तिची नजर म्हणजे टेपच होती. बाई जिना चढून वर येईपर्यंत आईनं तिचं माप मनात घेतलेलं असायचं. बाई अडतीस मागायची, आई हातात चाळीस ठेवायची आणि म्हणायची, "आकडा आतल्या पट्टीवर असतो, तो कुणी वाचत नाही. घाला."

दुकान बंद पडलं तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिची एकुलती एक लेक. लेक विमा कंपनीच्या कचेरीत होती, दवाखान्याच्या खर्चासाठी आलेले अर्ज तपासायचं काम. तारखांचा मेळ बसतो का, सही जुळते का, हे ती इतकं बारकाईनं बघायची की शेजारच्या टेबलावरचे तिला चाळणी म्हणत. संध्याकाळी ती घरी आली की कानात इअरफोन घालून जेवायची. आई टीव्हीशी बोलायची. भांडण नव्हतं. बोलायला विषय नव्हता, इतकंच.

विषय निघाला तो एका ड्रेसवरून. कचेरीतल्या मैत्रिणीच्या समारंभासाठी लेकीनं फुग्याच्या बाह्यांचा ड्रेस मागवला होता आणि तो घालून ती आरशासमोर वळून वळून बघत होती. फोन समोरच्या कपाटावर टेकवून ठेवला होता, मैत्रिणीला दाखवायला. आई मागून आली. म्हणाली, "खरं सांगू का? उशी दिसतेस. त्यातही एका कोपऱ्यातून कापूस बाहेर आलेली." मग तिनं कात्री घेतली, बाहीतलं इलास्टिक काढलं, दोन चुण्या घातल्या आणि लेकीचा खांदा माणसासारखा दिसायला लागला. लेकीनं तो व्हिडिओ गंमत म्हणून टाकला. आठवड्यात तो दोन लाख लोकांनी पाहिला.

दुसऱ्या व्हिडिओपासून आई स्वतःच समोर आली. ती अंगानं भरपूर होती आणि तिला त्याची लाज नव्हती. निदान कॅमेऱ्यासमोर तरी नव्हती. "माझ्यासारख्या पिंपानं आडव्या रेघा घालाव्यात का? घालाव्यात. पिंपाला असतातच की आडव्या पट्ट्या." बायका हसत आणि ऐकत. कुणी लिहायचं, काकू, तुमच्यामुळे दहा वर्षांनी बिनबाह्यांचं घातलं. लेक त्या कमेंटा वाचून दाखवायची आणि आई दुसरीकडे बघत म्हणायची, "बरं बरं, पुढचं वाच."

लेक आता साडेसहाच्या ठोक्याला घरी यायची. दोघी उद्याचा कपडा ठरवायच्या, काय बोलायचं त्यावरून वाद घालायच्या, दिव्याची जागा बदलायच्या, हसू आलं की पुन्हा पहिल्यापासून करायच्या. सहा महिन्यांत नव्वद हजार फॉलोअर झाले आणि कपड्यांच्या एका कंपनीचं पत्र आलं: दर आठवड्याला दोन कपडे काकूंच्या मापानं शिवून पाठवू, काकूंनी ते घालून मनाला येईल ते बोलावं. सोबत मापाचा कागद होता. आईनं बसल्या जागी आकडे सांगितले: छाती सेहेचाळीस, कंबर बेचाळीस, सीट अठ्ठेचाळीस. चाळणीचा विश्वास बसेना. तिनं टेप आणून मोजलं. एका सुताचाही फरक नव्हता.

पहिले अडीच महिने कपडे अंगावर बसले. मग ढगळ यायला लागले.

त्यावर उपाय आईनंच शिकवला. दुकानातल्या पुतळ्याला कपडा ढिला झाला तर पाठीमागे चिमटे लावतात. समोरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. लेकीनं कचेरीतून फायलींचे काळे चिमटे आणले. आई समोर बघत उभी राहायची आणि लेक तिच्या पाठीमागे कापडाची घडी मुठीत धरून चिमटा लावायची. आधी दोन लागले. पुढे पाच, शेवटी नऊ. समोरून सगळं चापूनचोपून बसलेलं दिसायचं आणि लेकीचे डोळे सतत फोनच्या पडद्यावर असायचे, म्हणजे समोरच.

तिनं कंपनीला पत्र लिहिलं. तुमची मापं चुकतात, छातीत तीन इंच जास्त येतंय. कंपनीनं माफी मागितली आणि पुढचे कपडे कमी करून पाठवले. सहा आठवड्यांनी ते पुन्हा सैल झाले. तिनं दुसरं पत्र लिहिलं, जरा कडक. पुन्हा माफी, पुन्हा कपात. जेवताना ती चिडून म्हणाली की एवढी मोठी कंपनी आणि साधं माप घेऊन कपडा बेतता येत नाही. आई म्हणाली, "कारागीर बदलला असेल." ती समोर बसली होती, पण तिच्यापुढे ताट नव्हतं. हल्ली ती लेक यायच्या आधीच जेवून घ्यायची. त्यामुळे काम लवकर सुरू व्हायचं आणि लेकीला ते सोयीचंच वाटलं होतं.

या काळात फॉलोअर दुप्पट झाले. काकू, काय जादू केलीत? काकू, तुमचा डाएट सांगा ना. काकू, दहा वर्षांनी लहान दिसताय. लेक वाचायची आणि आता आई दुसरीकडे बघत नसे. "पुन्हा वाच," म्हणायची. घाणेरडं किंवा खवचट लिहिणाऱ्यांच्या कमेंटा आईच्या नजरेस पडायच्या आत काढून टाकायच्या, हा लेकीचा नियम होता. एकदा एका बाईनं लिहिलं, काकूंचा चेहरा फार उतरलाय, बऱ्या आहेत ना? डॉक्टरांना दाखवा. लेकीला वाटलं, कुणाचं चांगलं बघवत नाही लोकांना. तिनं ती कमेंट काढली आणि त्या बाईला ब्लॉक केलं.

तिसऱ्या पत्रासोबत तिनं सैल कपडेही परत पाठवले. त्याला उत्तर आलं नाही. फोन आला. कंपनीचा कटिंग मास्तर बोलत होता, वयस्कर, हळू आवाजाचा माणूस. परत आलेले कपडे त्यानं टेबलावर अंथरून स्वतः मोजले होते.

लेक म्हणाली, "मास्तर, मी मुद्दाम तक्रार करत नाही. दर वेळी सैल होतं म्हणून लिहिते."

"सैल होत असणार. पण बाई, माझी कात्री आठ महिन्यांत सात इंच चुकत नाही. तुम्ही आईंना एकदा टेप लावा."

तिनं लावला. आई हात वर करून उभी राहिली. छाती एकोणचाळीस. लेकीनं पुन्हा मोजलं. मग टेप उलटसुलट करून बघितला, जसं काही आकडे दुसऱ्या बाजूला नीट असतील.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांत सगळ्या तपासण्या उरकल्या आणि रिपोर्ट समोर ठेवून लेकीला एकटीला आत बोलावलं. जठराचा कर्करोग होता आणि तो आता जठरापुरता राहिला नव्हता. वजन कमी व्हायला लागलं कधी, असं त्यांनी विचारलं. कचेरीत याच रकान्यावर लेक अर्ज परत पाठवायची. लोक लिहायचे, गेल्या काही महिन्यांपासून; ती लाल शाईनं लिहायची, नक्की तारीख द्या. तिनं फोन काढला आणि कंपनीला पाठवलेली तीन पत्रं उघडून टेबलावर ठेवली. तारखा होत्या, इंच होते. डॉक्टरीणबाईंनी ती तिन्ही वाचली. म्हणाल्या, "एवढा नेमका इतिहास मला कुणी आणून देत नाही." त्यांच्या मनात टोमणा नव्हता. पहिल्या पत्राच्या वेळी आणलं असतं तर, असं लेकीनं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघत होत्या. उत्तर मिळालं होतं.

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. आई खुर्चीत बसून ऐकत होती, चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं."

"सव्वीस वर्षं मी लोकांच्या बायकांची मापं जिन्यावरून सांगितली. माझं मला कळणार नाही होय?"

"मग मला का नाही सांगितलंस? मी त्या लोकांना पत्रं लिहीत बसले. तू म्हणालीस कारागीर बदलला असेल."

आईनं पदरात पडलेला दोरा उचलून बोटाला गुंडाळला. घास उतरत नव्हता हे तिला पहिल्या पत्राच्याही आधीपासून ठाऊक होतं. सुरुवातीला वाटलं पित्त असेल. मग लोक म्हणायला लागले, छान दिसता. तिला जन्मात कुणी तसं म्हटलं नव्हतं; दुकानात तिच्या पाठीमागे लोक काय म्हणायचे ते तिला ऐकू यायचं.

"आवडलं मला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी नाही." तिनं बोटावरचा दोरा सोडवला. "दवाखाना सुरू झाला असता तर हे बंद पडलं असतं. तू पुन्हा कानात ते घालून जेवायला बसली असतीस."

मग आईनंच विषय बदलला. सकाळी दवाखान्यात जायचं तर बटणाचा कुर्ता बरा, डोक्यावरून काढावा लागत नाही, असं म्हणून ती कपाटाकडे गेली.

ऑपरेशनचा उपयोग नव्हता. औषधं होती, वेदनेची. वॉर्डात भेटायची वेळ साडेपाच ते साडेसात. लेकीनं कचेरीतून रोज लवकर निघायची परवानगी घेतली आणि पहिल्या दिवशी साडेपाचलाच पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर येऊन बसली. फोन पर्समध्ये, आवाज बंद. आज मन लावून बोलायचं असं ठरवून आली होती. पाणी हवं का विचारलं. आईनं नको म्हटलं. उशी नीट केली. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना कुणी आलं नव्हतं, त्यावर दोन वाक्यं झाली. नंतर वीस मिनिटं दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. चौदा महिने रोज बोलत होत्या, पण कपड्याबद्दल, दिव्याबद्दल, समोरच्या लाखभर बायकांबद्दल. मधून ते सगळं काढलं तर काय बोलायचं, हे एकीलाही येत नव्हतं.

शेवटी आई म्हणाली, "ते लाव ना समोर."

"आई, आता कशाला?"

"लाव गं."

लेकीनं फोन काढून पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. रेकॉर्डिंगचं बटण तिनं दाबलं नाही. तिला ते अशोभनीय वाटलं. या अंगावरून आता कुणी काही शिकायचं उरलं नव्हतं. आईनं पडद्याकडे पाहिलं. तिथं लाल ठिपका नव्हता, हे तिला दिसलं असणारच. तिनं हातानं केस मागे सारले, मान जरा तिरकी केली आणि म्हणाली, "खरं सांगू का?"

आणि ती बोलायला लागली. पहिल्या दिवशी दुकानातल्या नवरीची गोष्ट सांगितली, जी ट्रायलरूममध्ये तासभर रडत बसली आणि आईनं तिला मागच्या जिन्यानं घरी पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या वडिलांबद्दल बोलली. त्यांना शर्टाचं वरचं बटण कधीच लावता आलं नाही आणि त्यावरून ती त्यांना काय काय बोलायची. रोज साडेपाचला लेक फोन उभा करायची, आई केस सारायची आणि त्या काळ्या काचेकडे बघत लेकीला सांगायची. आवाज बसत गेला तशी लेक स्टूल पुढे ओढत गेली. शेवटी शेवटी आई वाक्य अर्धं सोडायची आणि लेक ते मनात पुरं करायची. बरोबर की चूक, विचारायचं तिला सुचलं नाही.

अशा तेवीस संध्याकाळी झाल्या. चोविसाव्या दिवशी दुपारी कचेरीत फोन आला.

जुन्या व्हिडिओंखाली अजून कमेंटा येतात. काकू दिसत नाहीत हल्ली. काकू, एवढं वजन कसं उतरवलंत, आम्हालाही सांगा. लेक त्यांना उत्तर देत नाही आणि त्या काढूनही टाकत नाही. ब्लॉक केलेल्या त्या बाईचं नाव तिनं यादीत शोधलं, पण ते तिला आता आठवत नव्हतं आणि ब्लॉक केलेल्या बायका शंभरावर होत्या. दोनशे बारा व्हिडिओ आहेत. ते तिचे तोंडपाठ आहेत. कुठल्या वाक्याला आई हसते, कुठे अडखळते, सगळं.

त्या तेवीस संध्याकाळींचं मात्र काहीच नाही. नवरीची गोष्ट तिला आठवते, वडिलांच्या बटणाची आठवते. तिसऱ्या दिवशी आई काय बोलली, याचा ती बसमध्ये, कचेरीत, जेवताना विचार करते. आई खूप वेळ बोलली होती एवढं तिला नक्की माहीत आहे, आणि मधे एकदा दोघी हसल्याही होत्या.