वाकणावरची राखण

गार्थ टिंडलला मी लहानपणापासून शाळेच्या बसमधून नेलंय, त्यामुळे त्याच्याबद्दल मी काय वाटेल ते बोलू शकते. तेव्हाही हा पोरगा खिडकीजवळची जागा स्वतः कधी धरायचा नाही. धाकट्या कुणाला तरी पुढे पिटाळायचा, आणि मग रमतगमत येऊन त्या पोराला उठवून आपण बसायचा. मी आरशातून बघायचे. दोनदा त्याला पुढच्या बाकावर माझ्या पाठीशी आणून बसवलं, पण उपयोग शून्य.

बस सोडल्यापासून उन्हाळाभर मी ऑटर नदीवरच्या कॅम्पग्राउंडवर असते. फाटकाशी माझा ट्रेलर. सरपणाच्या मोळ्या विकायच्या, संडास धुवायचे, आणि तंबूत खाणं ठेवलंत तर अस्वल येईल हे शहरातल्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगायचं. अस्वल एकदा सांगितलं की ऐकतं, ही माणसं नाही ऐकत.

आमच्या गावच्या लोकांना मात्र कॅम्पग्राउंडचं वावडं. पैसे मोजून जमिनीवर झोपायचं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटतं. त्यांच्या जागा वर, जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याला लागून, नदीकाठी. तिथे ना हापसा, ना संडास, ना हाकेला ओ देणारं कुणी. जो आधी येईल त्याची जागा, असा कायदा. पण कायदा राहिला कायद्याच्या ठिकाणी. नदीच्या वाकणावरची, मोठ्या सीडरच्या झाडाखालची जागा टिंडलांची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चार जुलैच्या सुट्टीआधी गार्थ तिथे एक फाटका तंबू ठोकून जायचा. उभा तंबू दिसला की गावचा माणूस गाडी न थांबवता पुढे काढतो, ही इथली रीत.

मग जंगलखात्याचा नवा रेंजर आला, आणि त्याने आत माणूस नसलेले तंबू सरसकट उचलून नेले. वाकणावर त्या वर्षी सिअ‍ॅटलचे कुणी मोठा स्पीकर लावून राहिले. गार्थचा नुसता जळफळाट. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, त्याने तोड काढली. सुट्टीच्या आठवड्यात सोमवारी त्याची गाडी माझ्या फाटकाशी थांबली. शेजारच्या सीटवर त्याचा बाप, ऑर्व्हिल.

ऑर्व्हिलनी जन्मभर ह्याच जंगलात लाकूड तोडलं. ऐंशी उलटून गेलेली, बायको इंगा जाऊन बरीच वर्षं झालेली, गिरणीच्या रस्त्यावर स्वतः बांधलेल्या घरात एकटे राहायचे. त्या हिवाळ्यात एकदा शेगडी चालू ठेवून झोपले. तेव्हापासून गार्थ आणि त्याची बायको लोरीन वृद्धाश्रमाचा धोशा लावून बसले होते.

"यांना कुठे घेऊन चाललास?" मी विचारलं.

"वाकणावर. शुक्रवारी आम्ही सगळे येतो, तोवर बाबा जागा राखतील."

"एकटे?"

"तुमचं वय काय हो मावशी? तुम्ही नाही का एकट्या राहत?"

"माझ्या वयाचं तू सोड. माझ्याकडे फोन आहे, हापसा आहे, संडास आहे. हे बघ, सात नंबरची जागा मोकळी आहे. हापशाच्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर. यांना चार दिवस इथे राहू दे, वाकण गेलं खड्ड्यात."

ऑर्व्हिलनी सात नंबरकडे पाहिलं. खोटं नाही सांगत, त्यांना तिथे उतरायचं होतं. म्हातारपणी माणूस आधी संडास कुठे आहे ते बघतो.

गार्थ हसला. "पैसे देऊन झोपायचं तर हॉटेल काय वाईट? आणि मावशी, आमचं ठरलंय. सांगा ना बाबा."

"ठरलंय पोरी," ऑर्व्हिल म्हणाले. "मी चार दिवस एकट्याने जागा राखली की वृद्धाश्रमाचं नाव कुणी काढायचं नाही. घर माझं, मरेपर्यंत."

"आणि नाही राखली तर?"

"राखीन की. न राखायला काय झालं?"

गार्थने तोवर गाडी चालू केली होती. सात नंबर मी कुणाला दिला नाही. म्हटलं, उद्या कंटाळून येतील.

आले नाहीत. मंगळवारी दुपारी मी बिस्किटं आणि बीन्सचे डबे घेऊन गेले. ऑर्व्हिल घडीच्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून. पाठीमागे नदी, आयुष्यभर जिच्यातून ट्राउट मासे काढले ती, आणि त्यांनी गळसुद्धा टाकला नव्हता.

"नदीकडे बघायला काय पैसे पडतात?" मी म्हटलं.

"तिकडे बघितलं आणि इकडे कुणी घुसलं तर? पाठ वळली की जागा गेली, गार्थ म्हणाला." मग म्हणाले, "घराचा प्रश्न आहे, नोला. इंगा त्या घरात गेली. मलाही तिथेच जायचंय. दुसरं काही मागत नाही मी कुणाकडे."

बुधवारी दिवस कलताना एक जुनी व्हॅन माझ्या फाटकाशी आली. नवरा-बायको, पंचविशीच्या आतली, आणि मागे तान्हं बाळ. पोरगी रडत होती.

"वर एक आजोबा कुऱ्हाड घेऊन अंगावर आले," ती म्हणाली. "आम्ही फक्त विचारलं, एका कडेला गाडी लावू का? रात्रीपुरती. एवढी मोठी जागा आहे."

"कसे दिसत होते?" मी विचारलं, पण मला कळलंच होतं.

काय बोलणार? ह्या नदीवर एक जुनी रीत आहे, आणि ती पाळणाऱ्यांत ऑर्व्हिल पहिले. अंधार पडायच्या वेळी आलेल्याला जागा नाही म्हणायचं नाही. वाकणावर इंगाच्या हातची कॉफी न प्यायलेला माणूस शोधून सापडायचा नाही. कुणीही येवो, ऑर्व्हिल आपला तंबू सरकवायचे. आणि तेच आता तान्ह्या लेकराला हुसकून लावतात. मी त्या पोरांना सात नंबर दिला, सरपणाची मोळी दिली, आणि सकाळ झाल्याझाल्या तणतणत वर गेले.

खुर्चीतच होते. कुऱ्हाड मांडीवर.

"लाज नाही वाटली तुम्हाला?" मी म्हटलं. "बाळ होतं त्यांच्याबरोबर."

"दिसलं मला."

"मग?"

"आत घेतलं असतं आणि सकाळी निघाले नसते तर? सरकारी जमीन आहे, म्हणाले असते. मग गार्थला काय दाखवू?" मग ते माझ्याकडे न बघता बोलले, "नोला, तू जरा ह्या खुर्चीत बसशील?"

"कशाला?"

"बस ग. रिकामी दिसायला नको. मला कपडे बदलायचेत."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या विजारीकडे गेलं. पहाटे एक गाडी वाकणाशी रेंगाळत होती, म्हणून ते उठले नव्हते. तासभर आवरून धरलं, मग नाही धरवलं. माझा सगळा राग तिथेच ओसरला. मी खुर्चीत बसले आणि ते तंबूच्या मागे जाऊन बदलून आले. ओली विजार मी पिशवीत घातली.

"गार्थला सांगू नकोस," ते म्हणाले. "अशानेच पाठवतात."

"चला माझ्याबरोबर. मी बोलते त्याच्याशी."

"एकच दिवस राहिलाय. आता सोडू होय?"

त्यांचं बरोबर होतं. मीही म्हटलं, एवढं सोसलंय तर होऊन जाऊ दे.

शुक्रवारी दुपारी दोन ट्रेलर, तीन गाड्या, पोरंटोरं, कुत्री, सगळा टिंडलांचा तांडा फाटकावरून धुरळा उडवत वर गेला. मला बरं वाटलं. ऑर्व्हिल जिंकले, म्हटलं. संध्याकाळी त्यांची धुतलेली विजार आणि हकलबेरीच्या रानफळांची एक पाई घेऊन मी वर निघाले, तर वाटेतच धुराचा वास आला. सरपणाचा नव्हे, रंगाचा. रंगवलेलं लाकूड जाळू नका म्हणून मी उन्हाळाभर लोकांच्या मागे लागते, तो वास मी झोपेतही ओळखीन.

खाणंपिणं चाललं होतं. गार्थ बिअर घेऊन नदीकडे तोंड करून बसलेला, आणि ऑर्व्हिल शेकोटीपाशी उभे. शेकोटीत हिरव्या फळ्या जळत होत्या. बाजूला अजून ढीगभर, करवतीने तुकडे केलेल्या.

हिरवा रंग मी ओळखला. ऑर्व्हिलच्या घराच्या मागच्या दारातलं बाकडं. इंगा दर वसंतात त्याला रंगाचा नवा हात द्यायची. त्यावर बसून मी तिच्याबरोबर वाटाणे सोललेत.

"हे कुठून आणलंस?" ऑर्व्हिलनी विचारलं.

"जुनं लाकूड आहे बाबा. कुजलं होतं."

"कुजलेलं नव्हतं. मी मागल्या महिन्यात पाय बदललाय त्याचा." त्यांनी ढिगातला एक तुकडा पायाने उलटा केला. तो बाकाचा नव्हता, फडताळाचा होता, आतून पिवळा. "हे स्वयंपाकघरातलं. स्वयंपाकघरात कोण शिरलं होतं?"

लोरीनच्या पोटात काही राहत नाही, तिने बटाट्याचं सॅलड वाढता वाढता सांगून टाकलं. "अहो, घर रिकामं करायला दुसरा वेळच कुठे होता? सोमवारी नवी माणसं राहायला यायचीत. आणि तुमची वृद्धाश्रमातली खोली काय वाईट नाही बाबा, खिडकी आहे. मे महिन्यातच घेऊन ठेवलीय."

"लोरीन, आत्ताच सांगायची काय गरज होती?" गार्थ म्हणाला. "सुट्टी तरी नीट घालवू द्यायची."

ऑर्व्हिल त्याच्याकडे वळले. "पण मी जागा राखली."

"राखलीत ना. मस्त राखलीत." गार्थने बापाच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्याशिवाय जमलंच नसतं."

मी गार्थला तिथे, त्याच्या पोरांसमोर, जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं. बसमध्येही घ्यायचा. मग म्हणाला, "मावशी, शेगडी पुन्हा चालू राहिली असती तर तुम्ही आला असतात विझवायला?" बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच माझा जास्त संताप झाला. अरे, पाठवायचं होतं तर सरळ पाठवायचं. म्हाताऱ्याला चार दिवस ताटकळत ठेवून, त्याच्याच हातून स्वतःची जागा राखून घेऊन पाठवायचं?

ऑर्व्हिलनी ह्यातलं काही ऐकलं नाही. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "नोला, ती पोरं कुठे गेली? बाळवाली."

"माझ्याकडे. सात नंबरला. मजेत आहेत."

"बाळ रडत होतं?"

"नाही हो. झोपलं लगेच."

बाळ रात्रभर रडलं होतं. पण हे त्यांना सांगून मला काय मिळणार होतं?

सुट्टी संपल्यावर त्यांना तिथूनच परस्पर वृद्धाश्रमात नेलं. हिवाळ्यात मी दोनदा भेटायला गेले. पहिल्यांदा ओळखलं. दुसऱ्यांदा मला इंगाची बहीण समजून, आमच्या घराची चावी कुठे ठेवलीस, असं विचारत बसले. मी म्हटलं, असो, विसरले ते बरंच झालं. निदान ती शेकोटी तरी विसरले.

यंदा जूनच्या शेवटी गार्थची गाडी पुन्हा फाटकाशी थांबली. शेजारी ऑर्व्हिल, निम्मे झालेले, मनगटाला वृद्धाश्रमाचा कागदी पट्टा.

"तू माणूस आहेस की कोण?" मी गार्थला म्हटलं.

"तेच मागे लागले, मावशी. शपथ. महिनाभर एकच चाललंय, वाकणावर कधी जायचं. विचारा हवं तर." आणि वर म्हणाला, "तिथले डॉक्टरही म्हणतात, मोकळी हवा चांगली."

ते स्वतःच मागे लागले होते, हे मात्र खरं निघालं. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर ऑर्व्हिल खुर्चीत ताठ बसलेले, रस्त्याकडे तोंड करून. कुऱ्हाड दिली नव्हती, हातात काठी होती. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"नोला, यंदा जमणार बघ. चार दिवस राखली की घर माझं. गार्थने शब्द दिलाय."

"कधी दिला?"

"काल, गाडीत."

देव जाणे, दिलाही असेल. त्या मेल्याला शब्द द्यायला काय जातं?

"ऑर्व्हिल," मी म्हटलं, "माझ्याकडे चला. सात नंबर ठेवलाय तुमच्यासाठी. हापशाजवळ."

"वेडी आहेस का? घर घालवू?" मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तेवढी खुर्चीत बसशील जरा? मला मागे जाऊन यायचंय."

मी बसले. ते काठी टेकत तंबूमागे गेले, आणि त्यांना वेळ लागत होता. तेवढ्यात खालून एक गाडी हळूहळू आली आणि वाकणाशी थांबली. टपावर तंबूचं बोचकं, मागे दोन पेंगुळलेली पोरं. बाईने काच खाली केली आणि विचारलं, "सकाळपासून फिरतोय हो. एवढी मोठी जागा आहे, एका कडेला आम्ही राहिलो तर चालेल?"

तंबूमागे काठीचा आवाज थांबला. ते ऐकत होते.

"नाही चालणार," मी म्हटलं.