दोरीनं मोजलेलं उत्तर

‘चालत नाही. लवकर सांगा.’

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता ताईंनी लॅपटॉप उघडला तर पहिलंच पत्र हे. ना नमस्कार, ना चमत्कार. काय चालत नाही, कधीपासून चालत नाही, कशाचा कशाला पत्ता नाही. दुसरं पत्र त्याहून सरस. कुणीतरी गृहपाठाची सात गणितं जशीच्या तशी पाठवून खाली ‘सोमवारपर्यंत’ एवढाच शेरा मारला होता. तिसऱ्याचा संगणक मापाड्या चालवला की गरम होत होता, आणि त्याला जबाबदार ताई.

मापाड्या म्हणजे गणितं करून देणारं सॉफ्टवेअर. बारा वर्षांपूर्वी ताईंनी आणि त्यांच्यासारख्याच चार-पाच हौशी मंडळींनी लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तसं ते लिहिलं. ते फुकट मिळतं, आतली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि बिघडलं तर तक्रारींच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिता येतं. प्रत्येक तक्रारीला नंबर मिळतो आणि उत्तर द्यायला कुणी ना कुणी येतंच, अशी मूळ योजना होती. पुढे बाकीचे एकेक करून पोटापाण्याला लागले आणि कुणी ना कुणी म्हणजे ताईच, असं ठरून गेलं. सकाळी तंत्रनिकेतनात गणित शिकवायचं आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून लोकांची कोडी निस्तरायची. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे लोकसुद्धा त्यांना ताई म्हणत. पगार नव्हता, तेव्हा मानावर भागवायचं.

अशा कामात माणूस एक तर संत होतो नाही तर खाष्ट. ताई संत झाल्या नाहीत. शंभर तक्रारींतल्या नव्याण्णव म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांना पाठ झालं होतं, म्हणून त्यांनी एक ठेवणीतलं उत्तर करून ठेवलं होतं. मापाड्याची कितवी आवृत्ती वापरता ते कळवा, लहानात लहान उदाहरण द्या, पडद्याचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नका, आणि ही तक्रार आधी कुणी केली आहे का ते पाहा. एक बटण दाबलं की हे उत्तर जायचं. निम्मे लोक पुन्हा तोंड दाखवत नसत, आणि पानाच्या डोक्यावरचा उघड्या तक्रारींचा आकडा एकाने उतरायचा. तो आकडा उतरताना पाहणं हे ताईंचं एकमेव व्यसन होतं.

चौथं पत्र एका टर्नरचं होतं. लेथ मशीनवर काम करणारा पंचेचाळिशीचा माणूस. त्याचं हे तीन आठवड्यांतलं तिसरं पत्र, आणि नाव दिसताच ताईंच्या कपाळाला आठी पडली.

त्याचं म्हणणं असं, की आपल्याच खात्यातल्या आराखडा-विभागात बढतीसाठी त्याने परीक्षा दिली आणि दोन गुणांनी नापास झाला. दोन गुणांचाच एक प्रश्न होता. विड्याच्या पानाच्या आकाराची एक वक्ररेषा देऊन तिच्या पाऊण फेऱ्याची लांबी विचारली होती. त्याचं उत्तर पाच पूर्णांक सतरा. परीक्षा विभागाच्या उत्तरसूचीत दोन पूर्णांक त्र्याऐंशी, कारण सूची मापाड्यावर तपासून घेतली होती. वयाच्या अटीमुळे ही परीक्षा पुन्हा देता येणार नव्हती. हरकत घ्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

पहिल्या पत्राला ताईंनी ठेवणीतलं उत्तर पाठवलं होतं आणि खाली जोडलं होतं, ‘याची चर्चा पूर्वी झाली आहे. तक्रार ९७७ पाहा.’ त्यावर त्याचं दुसरं पत्र आलं, ‘९७७ मध्ये लिहिलंय ४१२ पाहा. ४१२ मध्ये लिहिलंय ९७७ पाहा. मी नक्की कुठं पाहू?’ ताईंना तो आगाऊपणा वाटला होता. बटण दाबून त्यांनी ठेवणीतलं उत्तर पुन्हा पाठवलं होतं.

आणि आता हे तिसरं. मजकूर दोन ओळींचा, सोबत मोबाइलवर काढलेला फोटो. फोटोत एक मोठा कागद, त्यावर काढलेली ती वक्ररेषा, रेषेवर टाचण्यांनी बसवलेली दोरी आणि शेजारी पोलादी पट्टी. ‘एकाला दहा सेंटिमीटर धरून रेषा काढली. दोरी लावून तीनदा मोजलं. एकावन्न सेंटिमीटरच्या वरच भरते. तुमच्या हिशेबाने अठ्ठावीस. आज शेवटचा दिवस आहे, ताई.’

“दोरी,” ताई म्हणाल्या. “दोरी लावलीय या गृहस्थानं.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान उशिराचं जेवण जेवत होते. ते फ्रीज दुरुस्त करतात, आणि गिऱ्हाइकांबद्दल त्यांचं मत ताईंच्या मताहून कणभरही चांगलं नव्हतं.

“प्लग बघायला सांग,” ते नेहमीप्रमाणे म्हणाले.

“अहो, बारा वर्षं हजारो लोक वापरताहेत मापाड्या. प्राध्यापक वापरतात. आणि हा दोरी घेऊन निघालाय तपासायला.”

“बघू तरी.” त्यांनी खरकटा हात वर धरून मान पुढे घातली. बराच वेळ फोटो पाहिला. माणसाचा हात कामाचा आहे का नाही, एवढं त्यांना फोटोवरूनही कळायचं. “दोरी छान बसवलीय गं. कुठं ढिली नाही. टाचण्या बघ किती जवळ जवळ.”

“म्हणून काय गणित बदलतं?”

“मी कुठं म्हणतो बदलतं? पण दोरी ताणली-बिणली तर दोन-चार मिलिमीटरचा फरक येईल. अठ्ठाविसाचे एकावन्न कसे होतील?”

ताई आणखी चिडल्या. दोघांचीही तोंडं एकदम बंद करावीत म्हणून त्यांनी मापाड्या उघडला आणि गणित घातलं. दोन पूर्णांक त्र्याऐंशी. “हे बघा,” त्या म्हणाल्या. मग खुंटी हलवून बळकट करावी तसं त्यांनी पाऊण फेऱ्याऐवजी पूर्ण फेरा घातला. उत्तर आलं, शून्य.

ताईंनी आकडे पुन्हा घातले. शून्य.

“पूर्ण रेषेची लांबी शून्य?” यजमानांनी विचारलं. “मग कागदावर दिसतंय ते काय?”

गणिताच्या माणसाला असली चूक शोधावी लागत नाही, ती एकदम समोर येऊन उभी राहते. वजा तीनचा वर्ग नऊ, आणि नऊचं वर्गमूळ तीन. वजा तीन नाही. हे त्या दरवर्षी वर्गात लाल खडूने फळ्यावर लिहितात आणि तरीही चुकणाऱ्यांना उभं करतात. मापाड्यात मात्र त्यांच्याच हाताने लिहिलेली एक ओळ वर्गाचं वर्गमूळ काढताना वजाचं वजाच ठेवत होती. त्यामुळे अर्ध्या फेऱ्यापर्यंत सगळं सुरळीत, आणि तिथून पुढे मापाड्या चाललेलं अंतर वजा करत सुटायचा. बाजारात जाऊन घरी परतलेल्या माणसाला तो म्हणणार, तुम्ही घराबाहेर पडलाच नाहीत.

त्यांनी ४१२ उघडली. बारा वर्षांपूर्वीची तक्रार, कुठल्याशा विद्यार्थ्याची. ‘याच रेषेच्या पूर्ण फेऱ्याची लांबी माझ्या हिशेबाने आठ येते, मापाड्या शून्य म्हणतो. माझं काय चुकतंय?’ सात वर्षं हे घोंगडं तसंच भिजत पडलं होतं. मग आलेली ९७७, तीच चूक, दुसरा माणूस. ‘ही जुनीच तक्रार आहे, ४१२ पाहा,’ म्हणून ती बंद. आणि पुढच्याच सुट्टीत कुणीतरी साफसफाई करताना ४१२ वर लिहिलं होतं, ‘नव्या तक्रारीत जास्त नीट माहिती आहे, ९७७ पाहा.’ तीही बंद. दोन्ही दारांवर शेजारी चौकशी करा अशी पाटी, आणि दोन्ही घरांना कुलूप. दोन्ही ठिकाणी सही ताईंची.

त्या सुट्टीत एका दिवसात एकसष्ट तक्रारी बंद केल्याचं त्यांना चांगलं आठवत होतं. त्याबद्दल त्यांनी स्वतःची पाठही थोपटली होती.

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. टर्नरने पत्रात परीक्षा विभागाचा फोन नंबर दिला होता. पाचव्या प्रयत्नाला एका कारकुनाने उचलला. ताईंनी एका दमात सगळं सांगितलं.

“मॅडम, सूची तज्ज्ञांनी मापाड्यावर तपासलीय,” कारकून म्हणाला.

“मापाड्याच चुकलाय. तो भाग मी लिहिलाय. मीच सांगते ना तुम्हाला.”

“असं का. मग तुमच्या ऑफिसच्या कागदावर तसं लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी.”

“आमचं ऑफिस नाही.”

“मग संस्था कुणाची आहे ही?”

“कुणाचीच नाही. म्हणजे सगळ्यांची आहे.”

“म्हणजे जबाबदार कुणीच नाही.” तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता, फॉर्म भरताना विचारावं तसं बोलला होता, आणि म्हणूनच ते ताईंना फार लागलं. “हे बघा, या उमेदवाराचा अर्ज माझ्यासमोर आहे. त्याने तुमच्याच पानाची प्रत जोडलीय, तक्रार चारशे बारा. त्यावर ठळक लिहिलंय, बंद. मी काय समजायचं? चूक असती तर बंद कशी केली असती?”

“ती मीच बंद केली.”

“का?”

ताईंना बारा वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. उघड्या तक्रारींचा आकडा खाली यावा म्हणून, हे उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

“त्या पानावर मी आत्ता लिहिलं, तर चालेल?” त्यांनी विचारलं. “ते सगळ्यांना दिसतं. मागाहून खोडता येत नाही.”

“पानावर जे असेल ते मी छापून साहेबांपुढे ठेवू शकतो. पाचच्या आत हं, मॅडम. पाचला साहेब उठतात.”

ताईंनी ४१२ पुन्हा उघडी केली. ‘चूक आमची आहे’ असं त्यांनी या पानावर पूर्वी चार-पाचदा लिहिलं होतं. आमची म्हटलं की फार बोचत नाही. या वेळी त्यांनी सुरुवात तशीच केली, खोडली आणि पुन्हा लिहिलं. ‘मापाड्याचं उत्तर चूक आहे. ती ओळ मी लिहिली. ही तक्रार न वाचता मी बंद केली, आणि ९७७ सुद्धा. पाऊण फेऱ्याची लांबी पाच पूर्णांक सतरा, ती एका टर्नरने दोरीने बरोबर मोजली.’ खाली सगळं गणित पायरी पायरीने मांडलं, स्वतःचं पूर्ण नाव आणि तंत्रनिकेतनातला हुद्दा लिहिला, आणि पाठवताना त्यांचे कान तापले. हे पान जगातले सगळे गणितवाले वाचतात. उद्या त्यांचे विद्यार्थीही वाचणार होते.

यजमान हात धुऊन येऊन शेजारी बसले होते.

पाचला सात मिनिटं असताना फोन वाजला. “साहेबांनी दोनदा वाचलं,” कारकून म्हणाला. “सूची बदललीय. तसं लिहिणाऱ्या सगळ्यांना दोन गुण.” मग आवाज जरा उतरवून तो म्हणाला, “मॅडम, मागच्या वर्षीची सूचीही याच्यावरच तपासली होती. ती आता कुणी उघडणार नाही.”

त्याने फोन ठेवला. थोड्या वेळाने टर्नरचं पत्र आलं. ‘पास झालो. तुमचे उपकार विसरणार नाही.’ उपकार हा शब्द वाचून ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे याला आपण दोन कुलपांमध्ये हेलपाटे घालायला लावले, आणि हा आपले उपकार मानतोय.

बंद तक्रार पुन्हा उघडली की तिच्यावर पूर्वी लिहिलेल्या प्रत्येकाला आपोआप निरोप जातो. ही सोय ताईंनीच करून घेतली होती आणि पार विसरल्या होत्या. त्या लॅपटॉप मिटायला गेल्या तेव्हा ४१२ खाली एक नवा मजकूर आला. बारा वर्षांपूर्वी जो विद्यार्थी होता, त्याचा.

‘निरोप मिळाला. आभारी आहे. तेव्हा आमचे सर म्हणाले होते, मशीन शून्य म्हणतंय तर तुझं आठ कुठून आलं? मी दोन महिने चूक शोधत होतो. सापडली नाही, तेव्हा वाटलं, गणित आपलं काम नाही, आणि त्याच वर्षी सोडून दिलं. आता रंगांच्या दुकानात असतो, बरं चाललंय. तुम्ही वर पाऊण फेऱ्याचं उत्तर दिलंय, पूर्ण फेऱ्याचं नाही. माझं आठ बरोबर होतं का, एवढं एकदा लिहाल?’

“काय म्हणतोय?” यजमानांनी विचारलं.

ताईंनी लिहिलं, ‘हो. तुमचं आठ बरोबर होतं,’ आणि पाठवून दिलं. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि नळ सोडून कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या.